यंत्र मराठी शिकतंय, पण कशावरून?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मराठी' असा विषय छापलाय. त्यावर मी बोलणार आहे. पण त्याआधी काही गोष्टी सांगितल्याशिवाय तो विषय कळणारच नाही, म्हणून थोडं मागून येते.

मी अक्षरजुळणी करते. पुस्तकाचं मुखपृष्ठ उलटलंत की आतल्या पानावर प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार यांच्या खाली बारीक टायपात 'अक्षरजुळणी' असा एक शब्द असतो. तिथे ज्यांची नावं असतात त्यांच्यातली मी एक. आयुष्यभर हेच केलं आणि याच कामामुळे माझं एक मत बनलं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठीत जे काही छापलं गेलं, त्यातलं बहुतेक सगळं संगणकावर जुळवलं गेलं. पण आपण मराठी लिहिलंय हे त्या संगणकाला कधी कळलंच नाही.

कसं ते सांगते. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. इंग्रजी 'ए'चा आकडा ६५, 'बी'चा ६६, हे अमेरिकेत १९६०च्या दशकातच ठरलं. आपल्याकडे डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं तेव्हा कंपन्यांनी एक युक्ती केली. आकडा इंग्रजीचाच ठेवला आणि फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरीचं चित्र बसवलं. पडद्यावर 'क' दिसतो, कागदावर 'क' उमटतो, पण फाइलमध्ये बसलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर एखादं विरामचिन्ह. कोणत्या आकड्यावर कोणतं चित्र, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. ज्यांनी 'शिवाजी' किंवा 'कृतिदेव' फॉन्टमध्ये लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा टाइप केल्यात, त्यांनी हात वर करा बघू. बरेच आहेत! मग तुमच्यातल्या प्रत्येकानं तो अनुभव घेतलाय: फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, तिथे फॉन्ट नाही, आणि आमंत्रणाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग.

यात अक्षरजुळणी करणाऱ्यांना दोष देणारे खूप भेटतात, म्हणून इथे जरा थांबते. प्रमाणित आकडे तेव्हा अजिबात नव्हते असं नाही. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' तंत्र तयार झालं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेत वाढलं. 'इस्की' हे भारतीय प्रमाण १९९१ साली पक्कं झालं. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला आकडा देणाऱ्या प्रमाणाची, पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून घेतलेली, १२८ घरांची. पण कागदावर प्रमाण असणं वेगळं आणि टेबलावरच्या यंत्रात ते असणं वेगळं. सर्वसामान्य माणसाच्या संगणकात युनिकोडची देवनागरी आली ती विंडोज २०००बरोबर. तिच्यात 'मंगल' नावाचा फॉन्ट होता. तो र. कृ. जोशींनी केला. मुंबईचे सुलेखनकार आणि शिक्षक, ज्यांच्या हाताखाली अक्षरकारांची एक अख्खी पिढी शिकली. जगभरातल्या कोट्यवधी पडद्यांवर देवनागरी पहिल्यांदा उमटली ती एका मराठी माणसानं घडवलेल्या अक्षरांत, ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं. आपल्याला १८६९चा निर्णयसागर छापखाना माहीत असतो, जावजी दादाजींचे सुबक खिळे माहीत असतात. र. कृं.चं नाव त्याच ओळीत घ्यायला हवं.

तर, मंगल आला तरी पुस्तकाची पानं लावायचं जे सॉफ्टवेअर होतं त्याला युनिकोडची जोडाक्षरं जमत नव्हती. ती जमायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. तोवर प्रकाशकाला पुस्तक दिवाळीआधी हवं असायचं. आम्ही हाताशी जे होतं त्यात काम केलं आणि चांगलं केलं. फक्त त्या फाइलींचं पुढे काय होणार, हे विचारायला कुणी नव्हतं.

आता नानांची गोष्ट. ही मी जिथे जाते तिथे सांगते.

नाना म्हणजे सिंधुदुर्गातले एक निवृत्त शिक्षक. त्यांनी आयुष्यभर शब्द गोळा केले. भातांची नावं, मासे धरायची साधनं, गवतं, खाडीच्या पाण्याच्या वेळा, गाडीवानांचे शब्द. घाटावरच्या मंडळींसाठी एक-दोन सांगते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अख्ख्या गावानं मिळून ओढायचं लांबलचक जाळं. पाग म्हणजे एकट्यानं फेकायचं गोल जाळं. वालय, मुणगा ही भातं. खाऱ्या पाण्यात तगणारं कोरगुट, जे गोव्याच्या खाजणांतही होतं. प्रत्येक शब्दापुढे तो कुणाकडून ऐकला, कोणत्या गावात ऐकला, याची नोंद. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी पदरचे पैसे घालून ते पुस्तक काढलं. प्रती संपल्या. नाना गेले. आणि काही वर्षांनी त्यांचा मुलगा एक सीडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, बाबांचा पुस्तक परत छापूचा आसा."

सीडी उघडली, कारण सीडी चांगली होती. फाइलही उघडली. आत होती तीच इंग्रजी अक्षरांची रांग. मूळ अक्षरजुळणी झाली होती ते दुकान बंद झालेलं. फॉन्ट कोणत्या सॉफ्टवेअरचा हे पुस्तकाच्या छापील प्रतीवरून, अक्षरांच्या वळणावरून मी ओळखलं. पण त्या काळात हे सॉफ्टवेअर चालायला 'लॉक' लागायचं. तरुण मुलांनी ते पाहिलेलं नसेल. काडेपेटीएवढी डबी, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायची. ती नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. आणि आज ती डबी मिळाली तरी नव्या संगणकाला तसलं पोर्टच नसतं. म्हणजे नानांचे शब्द घरात आहेत, सीडीत आहेत, आणि ते वाचायला लागतं एक मेलेलं पोर्ट.

शेवटी कुडाळकडच्या एका पत्रिकाछपाईच्या दुकानात तो संगणक सापडला. मालकानं तो तसाच चालू ठेवला होता, मागच्या डबीसकट, कारण त्यांच्या सगळ्या जुन्या पत्रिकांचे नमुने त्यात होते. त्या माणसानं चहा दिला, खुर्ची दिली आणि दिवसभर यंत्र वापरू दिलं. एक पैसा घेतला नाही.

मग रूपांतर. लोकांना वाटतं की एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा टाकला की झालं. तसं असतं तर शाळकरी मुलानंही केलं असतं. पहिली वेलांटी घ्या. जुन्या फॉन्टमध्ये ती डोळ्यांना दिसते तशी आधी टाइप करायची, मग अक्षर. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर साठवतात. म्हणजे 'स्थिती' शब्दात वेलांटी उचलून नुसत्या अर्ध्या स-च्या पलीकडे ठेवून भागत नाही, अख्ख्या 'स्थ'च्या पलीकडे न्यावी लागते. जोडाक्षर कुठे संपतं हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला कळायला हवं. रफार याच्या उलट. 'वर्ष'मध्ये तो दिसतो ष-च्या डोक्यावर, जुन्या फाइलीत तो ष-च्या नंतर येतो, आणि युनिकोडमध्ये ष-च्या आधी हवा. त्यात जुन्या फॉन्टांत एकाच वेलांटीची निरनिराळ्या रुंदीची चित्रं असायची, अनुस्वारासकट रफार वेगळा, मात्रेसकट रफार वेगळा. पुष्कळ तयार रूपांतरकं सर्वसामान्य मजकूर बऱ्यापैकी काढतात. पण नानांच्या पुस्तकात सर्वसामान्य शब्दच नव्हते. 'सरकार'चं चुकून 'सराकर' झालं तर कुणीही पकडेल. मालवणीतल्या एखाद्या गवताचं नाव चुकलं तर कोण पकडणार? म्हणून नानांची सून छापील प्रत मोठ्यानं वाचायची आणि मी पडद्यावर बोट ठेवून बघायची. तिला त्यातले निम्मे शब्द सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. ती मधेच थांबून म्हणायची, हा शब्द असा नाही, बाबा तो असा म्हणायचे. मूळ छपाईतल्या चुकाही अशा निघाल्या.

नानांच्या वहीत पुस्तकानंतर टिपलेले आणखी शब्द होते. ते सुनेनं मोबाइलवर टाइप करून पाठवले. दोन्ही मजकूर एकत्र केले आणि शेवटी शब्दसूची काढली. सूचीत 'खाऱ्या' हा शब्द दोनदा आला. एकाखाली एक नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पृष्ठांकांसह. अक्षर न् अक्षर तेच. भिंग घेऊन पाहिलं तरी तेच.

आता हे नीट ऐका, कारण ही माझी खरी तक्रार आहे. 'खाऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांत जो अर्धा र आहे तो आपला खास. हिंदीला तो लागत नाही, आपलं मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ०९३१ क्रमांकाचा ऱ घ्यायचा, हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण लावायची, पुढचं अक्षर. हा ऱ मुळात द्राविडी भाषांचे उच्चार देवनागरीत लिहायला ठेवलेला आहे. दुसरा प्रकार, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदी शून्य. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत हा मार्ग होता, म्हणून तो आजही चालतो. दोन्हींचं कागदावरचं रूप एकच. पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आणि युनिकोडचे जे नियम 'हे दोन एकच समजा' असं सांगतात, त्यांत ही जोडी नाही. आमच्या रूपांतरातून एक प्रकार आला होता, सुनेच्या मोबाइलमधून दुसरा. 'खाऱ्या' शोधला की अर्धंच पुस्तक सापडायचं.

'ॲ'चंही तेच. मराठीचा 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ साली. त्याआधी कुणी अ-वर चंद्र ठेवत होतं, कुणी हिंदीतला ए-वरचा चंद्र वापरत होतं. आजही तिन्ही प्रकार चालू आहेत. 'ॲप', 'ॲसिड', 'ॲडव्होकेट' शोधून पाहा, कोणत्या कळफलकावरून टाइप केलंत त्यावर उत्तर ठरतं. आणि क्रम! युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल-च्या शेजारी बसलाय, व-च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो. आकड्यांच्या क्रमानं सूची लावली की 'कळ' हा 'कवडी'च्या आधी येतो. मराठीचा योग्य क्रम सांगणारी नियमावली आहे, तयार आहे, मोफत आहे. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी ती वापरायची असते. पुण्यात, मुंबईत, नागपुरात बसून सॉफ्टवेअर लिहिणारी आपलीच मुलं ती वापरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

एक गंमत सांगते आणि पुढे जाते. २०१८च्या फेब्रुवारीत तेलुगूतलं एक जोडाक्षर आयफोनवर आलं की ॲप बंद पडायचं. एक अक्षर! कुणी मेसेजमध्ये ते पाठवलं की संपलं. सगळे हसले, मीही हसले. पण विचार करा, कोट्यवधी लोकांच्या लिपीतलं जोडाक्षर त्या फोनवर कुणी नीट तपासूनच पाहिलेलं नव्हतं. आपल्या लिप्यांची ही अवस्था एसएमएसच्या काळापासून आहे. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं, देवनागरीत ७०. आणि ७० म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळं धरून. 'क्षत्रिय' शब्दातच आठ खर्ची पडतात. मराठी लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागले याचं कारण भाषेची लाज असं अनेकजण सांगतात. मला ते पटत नाही. त्या पिढीला देवनागरी महाग पडत होती.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे. दहा मिनिटं. म्हणजे मुख्य विषयाला दहा मिनिटं. चालेल, आता फार अवघड राहिलेलं नाही.

ही जी बोलणारी, लिहिणारी यंत्रं आली आहेत ती मजकुरावरून शिकतात. प्रचंड मजकूर वाचून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो याचा अंदाज बांधतात. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. हिंदी आणि बंगाली यांच्यानंतर देशात आपला नंबर. पण यंत्राला माणसं दिसत नाहीत, मजकूर दिसतो, आणि तोही युनिकोडमधला. म्हणजे त्याच्यापुढे येतात बातम्या, विकिपीडिया, सरकारी संकेतस्थळं, आणि इंग्रजीतून घाईनं केलेली भाषांतरं. गेल्या तीस वर्षांतली कादंबरी, कविता, दिवाळी अंक, जिल्ह्याजिल्ह्यातली स्मरणिका, नानांसारख्यांची पुस्तकं, यांतलं बहुतेक त्याला दिसतच नाही. त्यामुळे ते जी मराठी बोलतं ती अशी असते: व्याकरण ठीक, पण कुठल्याच गावची नाही. मधेच हिंदी वळण. भाताच्या जाती विचारल्या तर चार पुस्तकी नावं. यात यंत्राला नावं ठेवून उपयोग नाही. त्याला आपण दुसरं काही वाचायलाच दिलेलं नाही.

त्यात ही यंत्रं शब्दाचे तुकडे करून वाचतात, आणि मराठी शब्दाचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. तेवढाच मजकूर, पण खर्च जास्त. नव्या मॉडेलांत हे सुधारतंय. पण पुरेशी मराठी समोर असल्याशिवाय ते पूर्ण सुधारणार नाही.

आणि यंत्राचं राहू द्या, माणसांचं बघा. अंध वाचक संगणकाकडून वाचून घेतात. एनव्हीडीए नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरांनी २००६मध्ये सुरू केलेलं. युनिकोड मराठी ते वाचू शकतं. जुन्या फॉन्टमधलं पान दिलं तर ते इंग्रजी अक्षरं उच्चारतं. आणि नुसत्या फोटोची पीडीएफ दिली तर त्याला वाचायला काही नसतंच. साहित्य संस्कृती मंडळानं आपली पुस्तकं मोफत पीडीएफ करून दिली, फार मोलाचं काम. पण जुन्या पुस्तकांची पीडीएफ म्हणजे बहुधा पानांचे फोटो. त्यांचा मजकूर व्हायला हवा. फोटोवरून अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअरं आहेत, टेसेरॅक्ट तर मोफत आहे आणि त्याला मराठी येतं. ते 'ख'चं कधी 'रव' करतं, ध-घ, भ-म यांत गोंधळतं. म्हणून शेवटी माणूस लागतो. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयावर अशी माणसं पानं तपासत बसलेली आहेत, विनामोबदला.

शोधता येणारा मजकूर काय करतो ते पाहायचं असेल तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जा. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश तिथे शब्द टाकून शोधता येतो. मी रोज वापरते. आपल्या भाषेचे थोरले कोश शोधायला शिकागोला जावं लागतं, याचं दुःख करण्यापेक्षा त्यांचे आभार मानून आपण पुढचं काम करावं.

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यातून पैसा येईल, परिषदा होतील. माझी मागणी अशी की त्यातला मोठा वाटा मजकुरावर खर्च व्हावा. सार्वजनिक पैशातून छापलेलं प्रत्येक पुस्तक, प्रत्येक गॅझेटिअर, विद्यापीठांतले प्रबंध, शुद्ध तपासलेल्या युनिकोड मजकुरात खुले व्हावेत. विश्वकोशानं आपल्या नोंदी लोकांसाठी खुल्या केल्या, तो रस्ता बाकीच्यांनी धरावा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे केशवसुत, हरिभाऊ, गडकरी, साने गुरुजी सगळ्यांचे आहेत. जे लेखक हयात आहेत किंवा ज्यांचे हक्क वारसांकडे आहेत, त्यांना विचारूनच, आणि यंत्र शिकवायला वापरणार असाल तर मोबदला देऊनच. यावर माझी तडजोड नाही. नानांच्या मुलानं लेखी परवानगी दिली, आणि त्याची अट एकच होती: शब्द सांगणाऱ्यांची नावं आणि गावं गाळायची नाहीत. आणि प्रकाशकांनी आजपासून प्रत्येक पुस्तकाची युनिकोड फाइल लेखकाला द्यावी. करारात एक ओळ वाढवायची आहे फक्त.

वेळ संपली. उद्या सकाळी दहा वाजल्यापासून मी खालच्या वाचनकक्षात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांच्या घरी जुन्या फाइली असतील, त्यांनी त्या आणाव्यात. सीडी असो, पेनड्राइव्ह असो. सीडीवर फॉन्टची फाइल असेल तर तीही हवी. आणि छापील प्रत नक्की आणा, कारण तिच्याशिवाय ताडून बघता येत नाही. कुणाकडे ती डबी अजून असेल, तर कृपया टाकून देऊ नका, मला फोन करा.